सिबिलचा आकडा आणि घरचा हिशेब

पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायला निघालेले नोकरदार जोडपे, ट्रॅक्टरसाठी बँकेत गेलेला बार्शीकडचा शेतकरी, धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कर्ज मागणारी नाशिकची परिचारिका. बँकेत तिघांनाही पहिला प्रश्न एकच विचारला जातो: ‘सिबिल किती आहे?’ पगाराची स्लिप, सातबारा, आयकराचे विवरणपत्र ही कागदपत्रे त्यानंतर उघडली जातात. ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा एक आकडा पडद्यावर उमटतो. तो साडेसातशेच्या वर असला तर अर्ज पुढे सरकतो, सहाशेच्या खाली असला तर बहुतेकदा तिथेच थांबतो.

हा आकडा कोण तयार करते, कशावरून करते आणि तो चुकला तर दाद कुणाकडे मागायची, हे ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो त्यालाच सहसा ठाऊक नसते. ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया असलेली एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. नोंदवलेले कर्ज तुम्ही ठरल्या दिवशी फेडता की नाही, एवढेच हा आकडा सांगतो. तुमच्या घरात किती पैसे शिल्लक पडतात, तुम्ही काटकसरी आहात की उधळे, दिला शब्द पाळता की नाही, यांतले काहीच त्याला कळत नाही. तरीही लोक त्याला आपल्या आर्थिक शहाणपणाचा दाखला समजू लागले आहेत. काही जण त्यापायी नको ती कर्जे काढतात, काही जण भीतीने हवे ते कर्जही मागत नाहीत. हे दोन्ही थांबावे, असे मला मनापासून वाटते.

कर्जाची नोंद सावकाराच्या हाती आणि कर्जदाराला ती वाचता येत नाही, ही स्थिती महाराष्ट्राने फार पूर्वी भोगली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. बघता बघता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. जमावाचा रोख माणसांवर नव्हता. त्यांना हवे होते रोखे आणि खते. जे हाती लागले ते त्यांनी जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा उमटला आहे त्यात नेमके काय लिहिले आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि तोच कागद न्यायालयात त्यांची जमीन हिरावून घेत होता. सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे १८७९ मध्ये ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ हा कायदा आला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याची जबाबदारी त्याने न्यायालयावर टाकली. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आपल्या कर्जाची नोंद आपल्याला पाहता आली पाहिजे, हा विचार या मातीत दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरला होता. आजच्या कर्जदाराने तो विसरू नये.

आजची व्यवस्था बँकांच्या गरजेतून आली. एका बँकेचे कर्ज बुडवून माणूस दुसऱ्या बँकेत जाई आणि दुसरीला पहिलीचे काही कळत नसे. रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये नेमलेल्या सिद्दिकी कार्यगटाने यावर माहितीची सामाईक पेढी सुचवली आणि २००० मध्ये मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला. तेच सिबिल. २००५ मध्ये संसदेने पत-माहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. आता देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलण्यात आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो, पण चौघींचे गणित वेगळे असते आणि एकाच माणसाचे चार आकडे वेगवेगळे निघू शकतात. प्रत्येक बँकेने आणि वित्तकंपनीने या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये काढला. तेव्हापासून नोंदीतून निसटायला फारशी जागा उरलेली नाही.

या व्यवस्थेच्या बाजूने जे बोलायला हवे ते मी आधी बोलतो. ही व्यवस्था येण्यापूर्वी कर्ज मिळे ते ओळखीवर. संचालकाची चिठ्ठी, गावातले वजन, घराण्याचे नाव, कधी जात, यांवर कुणाला खुर्ची मिळणार आणि कुणाला दाराबाहेर ताटकळावे लागणार हे ठरे. आकडा आडनाव विचारत नाही. रिक्षाचा हप्ता छत्तीस महिने वेळेवर भरणाऱ्या चालकाची नोंद आणि मोटारीचा हप्ता वेळेवर भरणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद त्याच्या लेखी सारखीच. ज्यांच्यामागे कुणी नव्हते अशा हजारो माणसांना या आकड्याने बँकेचे दार उघडून दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

आकडा बनतो कसा, ते पुढे दुसऱ्या प्रकरणात सविस्तर येईल. थोडक्यात सांगायचे तर हप्ते वेळेवर गेले का, याला सर्वाधिक वजन असते. त्याखालोखाल कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जखाती किती जुनी आहेत, तारणी आणि बिनतारणी कर्जांचे प्रमाण काय, आणि अलीकडे कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, हे पाहिले जाते. अहवालात दर खात्यापुढे महिन्यामहिन्याचे रकाने असतात आणि हप्ता किती दिवस उशिरा गेला ते त्यांत दिसते. तीन शून्ये असली तर हप्ता वेळेवर.

यात काय नाही, ते पाहा. पगार नाही. मुदत ठेव नाही, पीपीएफ नाही, टपाल खात्यातली बचत नाही, कपाटातले सोने नाही. आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरलेले, कधी कर्जच न काढलेले शिक्षक दाम्पत्य निवृत्तीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा बँकेत जाते, तेव्हा अहवालात त्यांच्या नावापुढे इतिहासच नसतो. पंचवीस वर्षे काटकसरीने घर चालवणाऱ्या गृहिणीचेही तेच. भिशीचा हप्ता कधी न चुकवलेली, वाण्याची उधारी दर एक तारखेला चुकती करणारी ही बाई या यंत्रणेला अनोळखी आहे. गावोगावच्या पतसंस्थांतले कितीतरी व्यवहारही या कंपन्यांपर्यंत पोहोचत नाहीत. पतपेढीचे कर्ज इमानाने फेडलेल्या माणसाला राष्ट्रीयीकृत बँकेत ‘तुमची हिस्टरी नाही’ असे ऐकावे लागते. तेव्हा त्याला जो अपमान वाटतो तो खरा आहे, आणि त्याच्या वागण्यात कुठेही खोट नाही. निव्वळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे. शाखेत हे सांगायची वेळ आली तर न कचरता सांगावे.

इथूनच एक चुकीचा सल्ला सुरू होतो: ‘सिबिल बनवायला एखादे कर्ज काढून ठेवा.’ हा सल्ला नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींना फार दिला जातो. मोबाइल हप्त्यावर घ्या, कार्ड घ्या, ॲपवरून पाच हजार उचला आणि फेडा. गरज नसलेल्या कर्जावर व्याज भरून आकडा मिळवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. कार्ड घेतलेच तर घरातला ठरलेला खर्च, म्हणजे वीजबिल किंवा किराणा, त्यावर करावा आणि पूर्ण बिल मुदतीत भरावे. त्यात व्याज लागत नाही आणि नोंद चांगली होते. ‘किमान रक्कम’ भरत राहिले तर आकडा लगेच पडत नाही, पण उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज चढते. गावातल्या सावकारालाही आपण याहून कमी दरासाठी नावे ठेवली आहेत. या काळात माणसाचा आकडा ठीक दिसतो आणि घर मात्र आतून पोखरले जाते. आकडा आणि आर्थिक तब्येत या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मग बचतीचा आणि आकड्याचा संबंधच नाही का? आहे, आणि तो फार जवळचा आहे. फक्त तो आकड्याच्या सूत्रात लिहिलेला नाही. हप्ता चुकतो तो बहुधा माणूस लबाड असतो म्हणून नाही. पगार लांबतो, घरात आजारपण येते, दुकान चार महिने मंदावते आणि खात्यात हप्त्यापुरतेही पैसे उरत नाहीत. पाच-सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम ज्याने बाजूला ठेवली आहे त्याचा हप्ता अशा वेळी बाउन्स होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि त्याचा डाग अहवालावर पडू नये असेही बजावले. तरी व्याज चालूच राहिले. ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांनी हप्ते भरले आणि ते मोकळे झाले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्या कर्जाची मुदत वाढत गेली. आकड्याचा खरा राखणदार बचत खाते आहे. २०२२-२३ मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतली सर्वांत कमी. त्याच सुमारास बिनतारणी कर्जे इतक्या वेगाने वाढत होती की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी अशी कर्जे महाग केली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की काळजी वाटते.

चांगल्या आकड्याची किंमत किती, हेही रुपयांत सांगायला हवे. अनेक बँका आता गृहकर्जाचा दर या आकड्यावरून ठरवतात. वीस वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्के दराने महिना सुमारे २६,०३५ रुपये हप्ता बसतो. साडेनऊ टक्क्यांनी तोच हप्ता सुमारे २७,९६४ होतो. महिन्याला १,९२९ रुपयांचा फरक. वीस वर्षांत तो साडेचार लाखांवर जातो. तेवढ्यात एका मुलाचे पदवीचे शिक्षण होते. म्हणून आकड्याकडे दुर्लक्ष करा असे मी कधीच म्हणणार नाही.

आता आपल्याकडच्या एका जुन्या रिवाजाबद्दल. जामीन राहणे. कार्यालयातला सहकारी, मेहुणा, वर्गमित्र यांच्यासाठी सही करताना आपल्याकडे माणूस मागेपुढे पाहत नाही. नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. पूर्वी याची झळ लागे ती वसुलीच्या वेळी. आता ती आधीच लागते. तुम्ही जामीनदार असलेले कर्ज तुमच्या अहवालात दिसते, मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर त्याची सावली तुमच्यावर पडते, आणि पुढे तुम्ही स्वतःच्या घरासाठी अर्ज करता तेव्हा बँक ते ओझे तुमच्याही डोक्यावर धरते. सातबाऱ्यावर बोजा चढवावा तशी ही नोंद आहे: जमीन तुमचीच राहते, पण बोजा उतरेपर्यंत व्यवहार अडतो. नात्यासाठी जामीन राहायचे असेल तर जरूर राहावे, पण दर सहा महिन्यांनी त्या कर्जाचे स्टेटमेंट मागावे. मागण्यात संकोच वाटत असेल तर सही करण्यातही वाटायला हवा होता.

तडजोडीचे प्रकरणही असेच. थकलेल्या कर्जावर बँक एकरकमी तडजोड देऊ करते, दोन लाखांचे सव्वा लाखात मिटते, माणूस सुटल्याचा नि:श्वास टाकतो. अहवालात मात्र ‘बंद’ अशी नोंद न होता ‘सेटल्ड’ अशी होते आणि पुढे वर्षानुवर्षे ती प्रत्येक बँकेला दिसते. वसुलीसाठी येणारा माणूस हे सांगत नाही. ज्याच्याजवळ दुसरा मार्गच नाही त्याने तडजोड करावी, त्यात शरम नाही. पण तिचे परिणाम समजून करावी, आणि पुढे हाती पैसे आले तर उरलेली रक्कम भरून ती नोंद बदलून घेण्याबद्दल बँकेशी लेखी बोलावे.

शेतकऱ्याच्या बाबतीत या यंत्रणेवर माझा गंभीर आक्षेप आहे. दरमहा पगार येणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून ही मोजपट्टी आखलेली आहे. सोयाबीन वा कांदा विकून वर्षातून एकदा-दोनदा पैसे हाती येणाऱ्याचे इमान तिच्यावर नीट मोजता येत नाही. अवकाळी पाऊस, पडलेले भाव, निर्यातबंदी यांना अहवालात रकाना नाही. त्यात कर्जमाफीची भर. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की २०१९ च्या अखेरची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, घोषणा झाली की पात्रतेच्या याद्या लागेपर्यंत खाती थकलेलीच राहतात. वाट पाहण्याच्या त्या काळातली थकबाकी नोंदीत उतरते. माफी मिळाली तरी मागचे रकाने आपोआप कोरे होत नाहीत. सरकारने दिलेला दिलासा आणि बँकेच्या पडद्यावरचा डाग हे दोन्ही एकाच शेतकऱ्याच्या नावावर असतात. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, केली तर गुन्हे दाखल करू, असा इशारा देवेंद्र फडणवीस यांनी २०२३ मध्ये उपमुख्यमंत्री असताना आणि २०२५ मध्ये मुख्यमंत्री म्हणून बँकांना दिला. इशारा पुन्हा द्यावा लागला, यावरून शाखेच्या काउंटरवर काय चालते ते कळते. गुन्ह्यांच्या धमकीने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. पिकाच्या हंगामाशी जुळणारी, आपत्तीची नोंद घेणारी वेगळी मोजपट्टी शेतीसाठी करावी लागेल.

आकड्याची हद्दही हळूहळू वाढते आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांच्या नोकरभरतीत चांगला पत-इतिहास असण्याची अट आली, आणि अशाच कारणावरून नियुक्ती रद्द झालेल्या एका उमेदवाराचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले तेव्हा २०२५ मध्ये न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. दुसरीकडे, २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निव्वळ कमी आकड्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असे म्हटले. विद्यार्थी उद्याचा कमावता माणूस आहे, त्याला मागच्या हिशेबावरून तोलू नये, अशी त्यामागची भूमिका होती. मला केरळच्या न्यायालयाचे म्हणणे पटते. बेकारीत शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकलेल्या मुलाला त्या थकबाकीमुळेच नोकरी नाकारली, तर त्याने ते कर्ज फेडायचे कशातून?

आपल्या नोंदीत चुका असू शकतात, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावे. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे आणि चार-दोन लोकप्रिय नावे यांच्या जुळणीत एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसते. फेडून झालेले कर्ज चालू दिसते. कुणीतरी आपल्या पॅनचा वापर करून ॲपवरून उचललेले तीन हजार रुपये आपल्या नावावर थकलेले दिसतात. यासाठी भक्कम तरतुदी आहेत आणि त्या वापरणारे फार थोडे आहेत. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आकड्यासह पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. आपला अहवाल आपण स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. ही भीती निराधार आहे. चुकीबद्दल तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दर पंधरवड्याला माहिती पाठवण्याचे बंधन बँकांवर आले, त्यामुळे फेडलेले कर्ज आता महिनोन्‌महिने उघडे दिसण्याचे कारण उरलेले नाही. एसटी स्टँडवर आणि विजेच्या खांबांवर ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करून घ्यायला मध्यस्थ लागत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे की पहिले प्रकरण वाचण्यापूर्वी आपला अहवाल मागवून समोर ठेवावा आणि या पुस्तकाची पाने त्याच्याशी ताडून पाहत वाचावीत. घरातल्या एकट्या कमावत्याचाच नको. गृहकर्जावर सहकर्जदार म्हणून सही केलेल्या पत्नीचा, जामीन राहिलेल्या वडिलांचा, नुकते कार्ड घेतलेल्या मुलीचाही मागवावा. प्रत्येक खाते आपले आहे का, बंद केलेले बंद दिसते का, रकान्यांत शून्यांऐवजी दुसरे काही आहे का, हे एका बैठकीत बघून होते. त्यासाठी पॅन आणि मोबाइल नंबर लागतो; पैसे लागत नाहीत.